पन्नास पिक्सेलचे गुरुजी

पार्श्वभूमी

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. स्थापना १९४९, शासनाच्या दप्तरी ‘ब’ वर्ग. २०२४ मध्ये पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा कार्यकारिणीने डिसेंबरात अमृत महोत्सव आणि त्यात स्मरणिकेचं प्रकाशन ठरवलं. पानं लावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी वीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याचं काम, करतो: लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, वर्षातून दोन-तीन स्मरणिका. छपाई कोल्हापूरच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये होणार होती. क्राउन पाव आकार, ९६ पानं काळ्या शाईत मॅपलिथो या साध्या कागदावर, मध्ये आठ पानं गुळगुळीत आर्ट पेपर, वर चार रंगांचं मुखपृष्ठ, प्रती ५००.

मजकुराची कटकट नेहमीचीच. निम्मे लेख श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत, निम्मे युनिकोडमध्ये, दोन हाताने लिहिलेले. तो भाग इथे सोडून देतो. हे प्रकरण एका चेहऱ्याचं आहे.

वाचनालय ज्यांनी उभं केलं त्यांना गावात सगळे गुरुजी म्हणतात. १९५८ मध्ये ते गेले. त्यांचा सुटा फोटो कुठेच नाही. आहे तो एकच, १९५१ चा, वाचनालयाच्या ओटीवर काढलेला ३४ जणांचा समूहफोटो. दहा बाय बारा इंचांचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, काचेच्या चौकटीत, वाचनकक्षाच्या भिंतीवर. आर्ट पेपरच्या पहिल्या पानावर गुरुजींचं छायाचित्र एकट्याचं आणि मोठं हवं, हा कार्यकारिणीचा एकमुखी ठराव होता. पानाच्या रचनेत मी डोक्याची उंची चार सेंटिमीटर धरली.

अडचण

सचिवांनी मोबाइलवर चौकटीचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. काचेवर ट्यूबलाइटची रेघ, बाजूला भिंत, वरच्या कोपऱ्यात घड्याळाचा तुकडा. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने फोटो पाठवताना त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं, वर जेपीईजीचं दाबणं वेगळं. त्या १६०० पैकी भिंत वगळता मूळ फोटोच्या वाट्याला आले साधारण १३०० पिक्सेल. म्हणजे मूळ कागदाच्या इंचाला १०८. गुरुजींचं डोकं मूळ फोटोत १२ मिलिमीटर आहे, हे मी नंतर पट्टीने मोजलं. हिशेब केला तर डोक्याच्या पूर्ण उंचीत पिक्सेल किती? एक्कावन्न.

आर्ट पेपरवर इंचाला १५० ओळींची स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी, असते आणि तिच्या दुप्पट, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, असा आमच्या धंद्यातला जुना आडाखा आहे. त्या मापाने पन्नास पिक्सेलचं डोकं छापलं तर चार मिलिमीटरच्या थोडं वर जाईल. हरभऱ्याच्या डाळीएवढं. आम्हाला हवं होतं चार सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४७२ पिक्सेल.

मी सचिवांना एवढंच कळवलं की ‘फोटो लहान आहे, ३०० डीपीआय लागेल’. (डीपीआय म्हणजे छापताना इंचाला किती ठिपके.) माझी पहिली चूक ती. मी माझ्या भाषेत बोललो आणि समोरच्याने ती अक्षरशः घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याने फाइल पाठवली, ‘काका, ३०० केलंय’. खरंच केलं होतं. फोटोशॉपमध्ये इमेज साइझच्या चौकटीत ७२ खोडून ३०० टाकले होते, खाली रीसॅम्पलची खूण तशीच. चित्र १६०० चं ६६६७ पिक्सेल झालं.

डीपीआयचा आकडा ही फाइलवर चिकटवलेली चिठ्ठी असते. रीसॅम्पल बंद ठेवून ७२ चे ३०० केले तर चित्रातला एकही पिक्सेल हलत नाही. फक्त छापताना ते २२ इंचांऐवजी सव्वापाच इंचांत मावतं. खूण चालू असेल तर प्रोग्राम दोन शेजारी पिक्सेलांमध्ये सरासरी काढून नवे भरतो. आमटीत पाणी घातलं की वाट्या वाढतात, डाळ वाढत नाही. गुरुजींचं डोकं आता २१० पिक्सेलांचं होतं आणि पूर्वीइतकंच धूसर. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील टाकून देतं. ते चौकोन मात्र आता मोठे होऊन गालावर फरशीसारखे दिसत होते.

तिसरी फाइल आली फ्लेक्सवाल्याकडून. त्याला दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स करायचा होता, त्यात गुरुजींचं डोकं दीड फुटाचं. फ्लेक्स लांबून बघतात, त्यामुळे इंचाला ७२ पिक्सेल पुरतात, पण दीड फुटाला ७२ ने गुणलं तरी १२९६ होतात. त्याने मोबाइलवरच्या एका एआय अ‍ॅपमध्ये तोच व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो घातला आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आला एक झकास चेहरा. तुकतुकीत कातडी, मिशीचा केस न् केस, पाणीदार डोळे. कार्यकारिणीच्या ग्रुपवर पंधरा जणांनी हात जोडले. फ्लेक्स छापला गेला, एसटी स्टँडवर लागला, निमंत्रणाच्या चित्रातही तोच चेहरा गेला.

मीही तोच फोटो प्रूफमध्ये टाकला. तात्पुरता म्हणून, जागा रिकामी दिसू नये म्हणून.

प्रूफची पीडीएफ गुरुजींच्या मुलीला गेली. त्या डोंबिवलीला असतात, वय ८३. त्यांच्या मुलाने टॅबवर पान मोठं करून दाखवलं. तासाभरात मला फोन आला.

‘अहो, पहिल्या पानावर कोणाचा फोटो लावलाय?’

‘ताई, गुरुजींचा.’

‘हे दादा नव्हेत. दादांच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली असायची, लहानपणी देवी आल्या होत्या त्यांना. आणि चष्मा कुठे गेला?’

सोहळ्याला अकरा दिवस होते. प्रेसला फाइल सात दिवस आधी द्यायची होती.

काय झालं होतं ते मला तेव्हा नीट उमगलं. पन्नास पिक्सेलांत चष्म्याची तारेची काडी मावत नाही. ती एका पिक्सेलपेक्षा बारीक, आजूबाजूच्या राखाडीत विरघळून गेलेली. अर्धी मिटलेली पापणी म्हणजे दोन-तीन पिक्सेलांचा फरक. चार सेंटिमीटरच्या छपाईसाठी त्या पन्नासाचे ४७२ करायचे म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे ८९ पट. दर ८९ पिक्सेलांतले ८८ अ‍ॅपने स्वतःच्या अंदाजाने भरायचे. त्याने असंख्य चेहरे पाहिलेले असतात, त्यातून सर्वसाधारण माणसाचा डोळा कसा असतो ते त्याला माहीत, आणि सर्वसाधारण माणसाचे दोन्ही डोळे सारखे उघडे असतात. भाच्याने केलेला फोटो निदान धूसर होता. हा स्पष्ट होता आणि दुसऱ्याच माणसाचा होता.

पुढचे पर्याय

त्या संध्याकाळी वाचनालयात बसलो. मी, सचिव, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि चहा.

सचिवांचं म्हणणं, त्याच अ‍ॅपला चष्मा घालायला आणि पापणी खाली करायला सांगा. करता आलं असतं. पण मग ते ताईंच्या वर्णनावरून केलेलं चित्र झालं असतं आणि खाली ‘छायाचित्र’ असं छापलं गेलं असतं. मुख्याध्यापक म्हणाले, वर्णनावरूनच करायचं तर सरळ चित्रकाराकडून पेन्सिलचं रेखाचित्र करून घेऊ, निदान ते रेखाचित्र आहे हे बघणाऱ्याला कळेल. मला हा पर्याय मनापासून आवडला होता. अडचण दिवसांची: चित्रकार कुडाळला, ताई डोंबिवलीला, आणि पहिल्याच खेपेत ताईंना पटेल याची खात्री कोण देणार.

कपाटातून १९७४ ची रौप्यमहोत्सवी स्मरणिका निघाली. तिच्यात हाच समूहफोटो सहा इंच रुंद छापलेला, खिळ्यांच्या छपाईच्या काळातला, जस्ताच्या हाफटोन ब्लॉकवरून. सचिवांना वाटलं सुटलो. भिंगाखाली धरून ठिपके मोजले, इंचाला शंभराच्या आसपास. तिथे डोकं सहा मिलिमीटरचं, म्हणजे उंचीत जेमतेम २३ ठिपके. व्हॉट्सअ‍ॅपने सुद्धा आम्हाला याहून जास्त दिलं होतं. शिवाय ठिपक्यांवर पुन्हा छपाईचे ठिपके बसले की साडीच्या चुण्यांसारखी जाळी उमटते, ज्याला मॉयरे म्हणतात. ती काढायला चित्र धूसर करावं लागतं. हा दरवाजा बंद.

एक पर्याय बिनखर्चाचा होता. डोकं मोठं करायचंच नाही. अख्खा समूहफोटो पानभर छापायचा आणि गुरुजींभोवती बारीक वर्तुळ. प्रामाणिक आणि सुरक्षित. याला आम्ही राखीव ठेवलं.

मग मुख्याध्यापकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. ‘इतका वेळ आपण हे सगळं बोलतोय, आणि तो मूळ फोटो आपल्या डोक्यावर टांगलेला आहे.’

खरं सांगायचं तर मला ओशाळल्यासारखं झालं. तीन फाइल्सची चिरफाड केली, पण त्या तिन्ही एकाच मोबाइल फोटोच्या पोटातून आल्या आहेत हे सोडून मी त्यांच्यात डावं-उजवं करत बसलो होतो.

चौकट खाली उतरवली तेव्हा

मागचा कागद फाडला आणि लक्षात आलं की फोटोचा वरचा थर जागोजागी काचेला चिकटला आहे. कोकणातल्या पावसाची सत्तर वर्षं. असे फोटो जिलेटिनच्या थरावर असतात, दमट हवेत तो थर मऊ होतो आणि काचेला धरतो. गावातला फ्रेमवाला म्हणाला, पाण्यात भिजवून अलगद सोडवतो, दोनशे रुपये. या कामात हा खरा निर्णयाचा क्षण होता. चिकटलेला भाग गुरुजींच्या रांगेपासून चार बोटांवर होता. सुटला तर स्कॅनरवर ठेवता येईल. फाटला तर गावात दुसरी प्रत नाही. आम्ही नको म्हटलं. असं काम करणारे तज्ज्ञ असतात, पण ते अकरा दिवसांत होणारं काम नव्हे.

काचेसकट स्कॅन करायचं ठरवलं तर माझ्याकडचा स्कॅनर प्रिंटरवरचा, स्वस्तातला, सीआयएस जातीचा. हे स्कॅनर काचेला टेकलेलीच वस्तू नीट वाचतात. खात्री करायला वर्तमानपत्राचा तुकडा दोन मिलिमीटरच्या काचेवर ठेवून स्कॅन केला, बारीक टाइप वाचता येईना. जुने जाड सीसीडी स्कॅनर थोडी खोली सहन करतात, पण तो आसपास कुणाकडे नव्हता.

राहिला कॅमेरा. हायस्कूलच्या एका शिक्षकांकडे २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर होता, ६००० बाय ४००० चा. अख्खा फोटो एका दमात घेतला तर इंचाला जास्तीत जास्त चारशे मिळतात आणि डोकं १८९ पिक्सेलांचं होतं. पुरणार नाही. पण जवळ जाऊन फक्त पाच इंच रुंदीचा तुकडा टिपला तर इंचाला १२०० आणि डोकं ५६७ पिक्सेलांचं. हवे होते ४७२.

दुपारी खिडक्या लावून घेतल्या. चौकट टेबलावर आडवी, कॅमेरा वर तिपाईला खाली तोंड करून. दोन सारखे एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, म्हणजे काचेवरून परतलेला उजेड भिंगात शिरत नाही. कॅमेऱ्याचं आणि आमचं प्रतिबिंब पडू नये म्हणून मुख्याध्यापकांच्या वकील मुलाचा काळा डगला, मध्ये भोक पाडून. (भोक शिवणीवर पाडलं, नंतर शिवून दिलं.) कॅमेरा चौकटीला समांतर आहे का ते बघायला फोटोवर एक छोटा आरसा ठेवला. भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की समांतर. आयएसओ १००, छिद्र एफ ८, बटण हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली. अख्ख्या फोटोचे दोन शॉट आणि गुरुजींच्या भागाचे सहा.

लॅपटॉपवर रॉ उघडली. चष्मा होता. बारीक तारेचा, गोल काचांचा. डावी पापणी अर्ध्यावर आलेली. खिशाला टाक. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.

संपादनात काय केलं आणि काय केलं नाही

फोटो विटलेला होता. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या आलेखात, सगळा डोंगर मध्यभागी गोळा झालेला, काळं ६० च्या खाली नाही आणि पांढरं २०० च्या वर नाही. लेव्हल्समध्ये दोन्ही टोकं आत ओढली, कर्व्हने मधला भाग थोडा उचलला. हे सोळा बिटांच्या फाइलवर केलं, कारण आठ बिटांत २५६ च पायऱ्या असतात आणि त्यातल्या १४० ताणून २५६ वर पसरल्या की मध्ये भेगा पडतात, आकाशासारख्या सपाट भागात त्या पट्ट्या होऊन दिसतात. मूळ थर खाली तसाच, प्रत्येक बदल वेगळ्या लेयरवर. जतन टिफमध्ये. जेपीईजीत मध्येमध्ये जतन करत गेलं तर दर वेळी थोडं थोडं झिजतं.

डागांचा प्रश्न वेगळा निघाला. ठिपके दोन प्रकारचे होते, काचेवरचे आणि फोटोवरचे. सहापैकी दोन शॉट कॅमेरा किंचित सरकवून घेतले होते. ते एकमेकांवर ठेवले की काचेवरचा ठिपका फोटोच्या तुलनेत जागा बदलतो. जे सरकले ते हीलिंग ब्रशने उडवले. बुरशीचे पांढरे ठिपके कपड्यांवरचे आणि भिंतीवरचे काढले. चेहऱ्यावर एक काळा ठिपका उरला, उजव्या गालावर. डाग की तीळ? माझा हात ब्रशवर होता. ताईंना फोन केला.

‘तीळच तो. राहू दे.’

पण त्याच गालावरचा एक पांढरा ओरखडा मी काढला आणि तो काढायला नको होता असं मला अजून वाटतं. देवीच्या व्रणांजवळ होता. बुरशी पांढरी असते म्हणून बुरशी धरली, ताईंना विचारलं नाही.

आर्ट पेपरच्या त्या पानावर चार रंग होते. काळा-पांढरा फोटो चार शाईंत फोडला तर एखादी शाई जरा कमीजास्त झाली तरी कधी हिरवट कधी गुलाबी झाक येते, म्हणून फोटो ग्रेस्केल ठेवून फक्त काळ्या शाईत दिला. आतल्या मॅपलिथोच्या पानांवरचे फोटो वेगळे उजळावे लागले. त्या कागदावर शाई पसरते, पन्नास टक्क्यांचा ठिपका सत्तरच्या आसपास दिसतो.

जाता जाता मुखपृष्ठ. कार्यकारिणीने मोबाइलवर पसंत केलेला पोपटी रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, गेला की वाळल्या पानासारखा झाला. पडदा प्रकाशाने रंगवतो, कागद शाईने, आणि तो पोपटी शाईच्या आवाक्यातच नाही. चार दिवस आधी कागदावरचा नमुना दाखवला म्हणून वाद झाला नाही. वाचनालयाचा शिक्का मात्र मी सरळ कोरलमध्ये नव्याने रेखून व्हेक्टर केला, स्मरणिकेत दोन सेंटिमीटरचा आणि व्यासपीठावर दोन फुटांचा तोच वापरता आला. रेषांचं गणित असतं तिथे पिक्सेलांची उसनवारी लागत नाही. चेहऱ्याचं तसं नसतं.

निष्पत्ती

स्मरणिका वेळेत झाली. प्लेट निघायच्या आधीच फोटो बदलल्यामुळे जास्तीचा खर्च पडला नाही. ताई सोहळ्याला आल्या, पान उघडलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

फ्लेक्सवर चर्चा झाली. व्यासपीठाचा बदलला. स्टँडवरचा राहिला, ‘आता कोण बघतंय’ म्हणून. निमंत्रण तर शेकडो मोबाइलांत पोचलेलं. मार्चमध्ये गुरुजींच्या पुण्यतिथीला गावच्या तीन ग्रुपांवर अभिवादनाची चित्रं फिरली, तिन्हींवर अ‍ॅपमधला चेहरा. मी एका ठिकाणी खरा फोटो टाकला. उत्तर आलं, ‘हा जरा अंधुक आहे, तो क्लिअर आहे’.

पुन्हा करायचं झालं तर

मी ‘३०० डीपीआय पाठवा’ असं कुणाला सांगत नाही आता. विचारतो, मूळ कागद कुणाच्या घरी आहे, केवढा आहे, त्यात डोकं किती मिलिमीटर आहे. फोटो मोबाइलवरून पाठवायचाच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणतो, तसा तो न दाबता येतो. आणि प्रूफमध्ये तात्पुरता फोटो टाकत नाही. करडी चौकट टाकतो, तिच्यावर ‘फोटो यायचा आहे’. तात्पुरता फोटो बघणाऱ्याला कायमचाच वाटतो. ताईंनी टॅब मोठा केला नसता तर तोच छापून गेला असता, हे मला माहीत आहे.

फ्लेक्सवाल्याला दोष देणं सोपं आहे. त्याला संध्याकाळपर्यंत दीड फुटाचं डोकं हवं होतं आणि हातात पन्नास पिक्सेल होते. त्याने अ‍ॅपचा फोटो आहे असं ग्रुपवर लिहिलंही होतं, कुणी वाचलं नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र मी त्या दुपारी केली. कॅमेरा लागलेला, दिवे लागलेले, डगल्याला भोक पडलेलं. अख्खा फोटो तशाच जवळून टिपायला बारा तुकडे लागले असते, वीस मिनिटांचं काम. मी गुरुजींपुरतं काम केलं आणि तिपाई आवरली. चौकट परत त्याच भिंतीवर गेली.

२०२५ च्या पावसात त्या भिंतीला ओल आली. ऑगस्टमध्ये चिपळूणहून एक गृहस्थ आले, मागच्या रांगेतले डावीकडून तिसरे त्यांचे आजोबा. चौकट उतरवली तर त्या कोपऱ्यात काचेखाली पांढरं पसरलं होतं, चेहऱ्याच्या जागी नुसती कड उरली होती. माझ्याकडे अख्ख्या फोटोचा डिसेंबरातला शॉट होता, त्यात आजोबांचं डोकं १८० पिक्सेल. दीड सेंटिमीटर छापता येतं, पासपोर्ट फोटोत असतं त्याहून लहान. तेवढंच छापून दिलं.

त्यांनी ते पाकिटात ठेवलं आणि दारातून वळून विचारलं, ‘एआयमध्ये टाकून मोठा होईल ना हा?’